ओहोटीच्या चिठ्ठ्या

आमच्या शाळेच्या फाटकाशी सोनटक्के सर उभे असत. पाऊस असो, ऊन असो, शिपायाच्या घरी कुणी गेलेलं असो, दुसरी घंटा झाल्यापासून प्रार्थना संपेपर्यंत त्यांना तिथून कुणी हलवू शकत नसे. डाव्या मनगटावर घड्याळ, उजव्या हातात लाल पेन, काखेत लांबुडकं रजिस्टर. फाटक बंद व्हायच्या क्षणाला एखादं पोर दहा पावलांवरून धावत येत असलं, तर सर आधी घड्याळाकडे बघत, मग पोराकडे, आणि मग फाटकाची कडी अशी सावकाश लावत की पोराला वाटावं, पोचलो. ते पोचायचं नाही. ही सावकाशी हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव विनोद होता. तो त्यांनी आम्हाला वर्षानुवर्षं सांगितला.

ते पर्यवेक्षक होते. रोह्याच्या एका शाळेत बरीच वर्षं काढून पेणला आले होते आणि रोह्याला असताना राहायला धाटावच्या बाजूला होते. तिथल्या कंपन्यांमध्ये कामगार आत शिरताना यंत्रात कार्ड घालतो आणि त्यावर वेळ उमटते, हे त्यांनी तिथं पाहिलं. दुसऱ्या कुणी हे पाहिलं असतं तर बरं म्हणून पुढे गेला असता. सरांचं त्या यंत्रावर प्रेमच बसलं. पेणच्या शाळेला यंत्र परवडणारं नव्हतं, म्हणून ते स्वतःच यंत्र झाले. त्यांचा नियम असा: तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी, आणि शेकडा पंचाहत्तर हजेरी भरली नाही तर दहावीचा फॉर्म बोर्डाकडे जाणार नाही. ते स्वतः कधीही उशिरा आले नाहीत, हे इथं सांगायला हवं. शाळेच्या मागेच खोली होती, एकटा जीव, डबा खाणावळीचा. जायला दुसरी जागा नसलेला माणूस वेळेवर येतो यात कौतुक कसलं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पुढे मी स्वतः धाटावला कंपनीत लागलो, त्याच जातीच्या यंत्रात रोज कार्ड घातलं. तिथला टाइम ऑफिसवाला पुराच्या दिवशी रस्ता बंद झाला तर नुसतं हात हलवून "जा रे आत" म्हणायचा. सरांनी कंपनीचं यंत्र तेवढं आणलं, हा माणूस तिथंच विसरले.

माझं गाव कोपरखार, खाडीच्या पलीकडे. मिठागरं, खारी शेतं, सातवीपर्यंतची शाळा. त्यापुढं शिकायचं तर होडीने खाडी ओलांडायची, मग बांधावरून अर्धा तास चालायचं, मग मिळेल तो टेम्पो धरून पेण. आता खाडीचं असं असतं की ती घंटेवर चालत नाही, तिथीवर चालते. चतुर्थी-पंचमी आली की सकाळी नवाच्या सुमाराला पाणी असं ओसरतं की होडी चिखलात बसते, आणि पाणी परत चढेपर्यंत माणसांनीही बसायचं. हे आमच्याकडे शेळीलासुद्धा माहीत होतं. सरांना पटवायला मात्र सरपंचांना पेणला जावं लागलं. सर म्हणाले, मग ओहोटीच्या दिवशी पहाटे निघत जा. सरपंचांनी सांगितलं की पहाटे होडीवाला जाळ्यावर असतो. सर म्हणाले, होडीवाल्याला समज द्या. शेवटी आमचे मुख्याध्यापक, जे निवृत्तीला टेकलेले आणि म्हणून माणसात आलेले होते, त्यांनी सवलत दिली: होडीवाल्याची चिठ्ठी आणली तर ओहोटीचा उशीर उशीर धरू नये. सरांनी लगेच पुस्ती जोडली: चिठ्ठीवर शिक्का हवा.

मग, मी नववीत असताना, ग्रामपंचायतीने शिक्का करून आणला. लांबट गोल, वर गावाचं नाव, खाली 'तर', म्हणजे होडीची ये-जा, आणि मध्ये छोटी होडी. तो धाकूतात्याच्या हवाली झाला. धाकूतात्या म्हणजे आमचा होडीवाला, दुसरीपर्यंत शिकलेला, तारीख आणि स्वतःचं नाव एवढं लिहिणारा. त्याचं अक्षर रोज वेगळं यायचं, होडी हलेल तसं. शिक्का तो कमरेला दोरीने बांधायचा आणि हाताला लागेल त्या कामाला वापरायचा. चिंबोरी जाळ्यातून सुटत नसली की तिच्या नांगीवर शिक्क्यानेच ठोकायचा. दोन महिन्यांत शिक्क्यातल्या होडीचं पुढचं टोक उडालं. धाकूतात्याला त्याचं काही वाटलं नाही. त्याच्या खऱ्या होडीचीही अवस्था काही फार वेगळी नव्हती.

या सवलतीची गिऱ्हाइकं आम्ही दोघंच, मी आणि कुंदा. बाकीच्यांनी सातवीनंतर शाळेला रामराम केला होता. कुंदाचे आईबाप मिठागरावर. थोरली बहीण आठवीत असताना मिठागरावर गेली ती गेलीच, आणि कुंदाला घरी स्पष्ट सांगितलेलं होतं की दहावीचा फॉर्म भरला गेला तर परीक्षेपर्यंत शाळा, नाही तर दिवाळीनंतर मिठाचा हंगाम सुरू होतो, हातात फावडं आहेच. ती माझ्याच वर्गात होती. गणितात माझ्या पुढं, बाकी सगळ्यातही पुढंच, पण तो विषय नको.

खरं तर मला खाडी ओलांडायचीच नसायची. दहावीला म्हणून मला मामाकडे जोह्याला ठेवलं होतं. तिथून पेण म्हणजे एसटीत बसलं की झालं. शाळेच्या रजिस्टरात मात्र माझा पत्ता कोपरखारच राहिला. मामाच्या घरी गणपतीचा कारखाना. घर आणि कारखाना यांत भिंत होती, पण ती नावापुरती. ओटीवर गणपती, माजघरात गणपती, गणेश चतुर्थी जवळ आली की मामीच्या चुलीच्या अंगाला सोंडा वाळत घातलेल्या. सकाळी जाग यायची ती रंगाच्या पंपाच्या घरघरीने. मामी तांदळाच्या भाकऱ्या थापायची, आणि भाकरीवर पीठ कुठलं आणि प्लास्टर कुठलं हे खाल्ल्याशिवाय कळत नसे. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, कधी पोह्याचा पापड. खाऊन झालं की मी 'जरा मदत' करायला कारखान्यात बसायचो. ही मदत म्हणजे कारागिरांच्या गप्पा ऐकणं आणि रेडिओची गाणी संपेपर्यंत एकाच उंदराला पॉलिश करणं. मामी आतून ओरडायची, "भाच्या, तुझी गाडी गेली बघ," आणि खरोखरच गेलेली असायची. मामा काही बोलत नसे. त्याचा कडकपणा सगळा मूर्तीसाठी राखीव होता. एखाद्या मूर्तीचं बोट जरी उडालं तरी ती दुरुस्त झाल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायची नाही. खंडित वस्तू कारखान्याबाहेर गेली की कारागिराचं नाव जातं, एवढं एकच वाक्य तो वर्षभर बोलायचा.

उशीर वाढत गेले तेव्हा मला ओहोटी आठवली. एका रविवारी घरी जाताना मी होडीत धाकूतात्याशेजारी बसलो, त्याला विडी दिली, आणि तो काडी पेटवायला वाऱ्याकडे पाठ करून वळला तेवढ्यात शिक्का डब्याच्या झाकणात थापून आणलेल्या ओल्या शाडूत दाबून घेतला. पुढचं काम जोह्याच्या कुठल्याही पोराला आलं असतं. शाडूतल्या ठशावर प्लास्टर, त्यावरून पुन्हा प्लास्टरचा उलटा साचा, साच्यात रबराचे हात एकावर एक, वाळलं की सोलून काढायचं आणि लाकडी ठोकळ्याला चिकटवायचं. सगळं उत्तम जमलं. फक्त साचा हातात घेऊन पाहिला तर होडीला टोक नाही. मला ते सहन होईना. इतकी वर्षं सुट्टीत मामाच्या हाताखाली काढलेली, ते तसंच सोडून द्यायला हातच वळेना. मी कोरणी घेतली आणि साच्यात होडीचं पुढचं टोक कोरून पुरं केलं. असं कोरलं की बघत राहावं. खोटा शिक्का खऱ्यासारखा करायचा असतो, खऱ्याहून चांगला नाही, एवढी साधी अक्कल मला नव्हती. पण फिनिशिंग होतं.

त्यानंतर माझ्या आयुष्यात ओहोटीला काळवेळ राहिली नाही. गाडी चुकली की ओहोटी. रेडिओवर चांगलं गाणं लागलं की ओहोटी. कुंदा वेळेवर येऊन पहिल्या बाकावर बसलेली असायची आणि मी त्याच खाडीच्या चिखलात अडकून तासाभराने यायचो. पौर्णिमेला, अमावास्येला, जेव्हा सकाळी खाडी काठोकाठ भरत आलेली असते, तेव्हाही माझ्याकडे ओहोटीच होती. सरांच्या खुर्चीमागे तिथ्यांचं मोठं कॅलेंडर लटकत असे. त्यांनी एकदा मान वळवली असती तरी मी मेलो असतो. पण ते फक्त शिक्का बघत, मान हलवत आणि चिठ्ठी तारेला खोचत. इतका कडक माणूस इतका आळशी असू शकतो, हे माझं दहावीतलं मुख्य शिक्षण.

दिवाळीची सुट्टी संपली, फॉर्मचे दिवस आले, आणि सरांनी सहामाहीच्या चिठ्ठ्या तारेवरून उतरवून टेबलावर मांडल्या. एकाच गावच्या दोन पोरांचे शिक्के, आणि दोन्ही वेगळे. एकात होडी अख्खी, एकात फुटकी. दुसऱ्या दिवशी ते दोन्ही गठ्ठे घेऊन वर्गावर आले. त्यांनी मला उभं केलं, मग कुंदाला. आणि मग ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले की हा मुलगा बघा, रोज खाडी ओलांडून येतो, कष्ट करतो, उशीर झाला तर झाला, पण प्रत्येक वेळी शिक्का कसा स्वच्छ, पूर्ण. आणि ही मुलगी. हिने खोटा शिक्का बनवायचा प्रयत्न केला, पण हिला होडीचं टोक काही जमलं नाही.

कुंदा म्हणाली, "सर, खरा शिक्काच फुटका हाय."

"पंचायतीचा शिक्का फुटका नसतो," सर म्हणाले.

वर्ग हसला. हे मी कुणाला सांगत नाही, पण इथं लिहितो: मीही हसलो. मोठ्याने नाही, सगळ्यांत मिसळून जाण्याइतकं. कुंदाने माझ्याकडे पाहिलं. मी होडीत नसतो, हे रोज होडीत बसणाऱ्या त्या एका मुलीला माहीत होतंच. एक वाक्य बोलायचं होतं तिला. ती बोलली नाही, आणि सरांना ते गप्प राहणं गुन्ह्याची कबुली वाटलं. त्यांनी तिच्या सगळ्या चिठ्ठ्यांवर लाल शाईने 'बनावट' लिहिलं, उशिरांच्या गैरहजेऱ्या करून टाकल्या, हजेरी पंचाहत्तरच्या खाली गेली आणि त्यांनी तिला आठ दिवस दिले. खऱ्या शिक्क्याच्या चिठ्ठ्या आण, नाही तर फॉर्म नाही. ती म्हणाली, होडीवाल्याला येऊन विचारा. सर म्हणाले, त्याला घेऊन ये, शाळेच्या वेळात. शाळेच्या वेळात धाकूतात्या पेणला आला असता तर त्या दिवशी अख्ख्या कोपरखारची ये-जा बंद पडली असती. आणि सरांनी स्वतः जायचं म्हटलं तर रजिस्टर कोण सांभाळणार. खाडी तिथंच होती, टेम्पोने आणि थोडं चालून. सर त्या वर्षात, आणि माझ्या माहितीप्रमाणे पुढेही, खाडीवर कधी गेले नाहीत.

मी बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. शूरपणाची एक योजना मात्र मनात तयार झाली होती. तिसऱ्या दिवशी मी प्रार्थनेच्या वेळी पुढं होऊन सगळं कबूल करणार, सर थक्क होणार, मुख्याध्यापक पाठीवर हात ठेवणार, कुंदा रडणार. भाषणही पाठ केलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उंदीर पॉलिश करत बसलो असताना कुंदाच जोह्याला कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. मामी म्हणाली, "ये गो, बस," पण ती बसली नाही. मामा काम करत होता. तिने माझ्याकडे हात पुढं केला.

"शिक्का दे."

मी तिला बाहेर पडवीत नेलं आणि माझी योजना सांगितली. आज सरांसमोर सगळं कबूल करतो म्हटलं. भाषणातलं पहिलं वाक्यही म्हणून दाखवलं. तिने ऐकून घेतलं.

"तू सांगितलंस का तुला बरं वाटंल," ती म्हणाली. "माजा फॉर्म जाईल काय?"

मी म्हटलं, का नाही जाणार.

"नाय जानार. तो म्हनंल, दोन्ही खोटे. तुजा बी खोटा, माजा बी खोटा. त्याला काय, त्याचा रजिस्टर साफ. तुला मामा हाय, साचे हायत, उंदीर हायत. मना मिठागर हाय." मग जरा थांबून म्हणाली, "त्याला अख्खी होडी पायजे ना? मंग देऊ त्याला अख्खी होडी."

मी शिक्का आणून दिला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि दप्तरात टाकला. म्हणाली, चल, तूही चल. त्या दिवशी शाळा बुडवून आम्ही खाडीवर गेलो. चिठ्ठी न देता गैरहजर राहिलेला माझा त्या वर्षातला तो एकमेव दिवस.

धाकूतात्या होडी काठाला लावून जाळं विणत बसला होता. कुंदाने त्याला सगळं सांगितलं, माझं नाव घेऊन. मला वाटलं, आता वल्हं पाठीत बसणार. त्याने शिक्का मागितला, तळहातावर थुंकी लावून त्यावर दाबला, उमटलेली होडी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. "टोक बरं काढलंस," म्हणाला. मग मला माझ्या ओहोट्यांच्या तारखा विचारल्या. आठवतील तेवढ्या मी सांगितल्या. त्याने बोटांवर तिथ्या मोजल्या आणि इतका वेळ हसला की त्याला ठसका लागला.

"पुनवेला चिखल? अरे, पुनवेच्या सकाळी हितं हत्ती बुडंल."

मग त्याने आम्हाला पलीकडे नेलं, कुंदाने घरून कॅलेंडर आणलं, आणि धाकूतात्या एकेका तिथीवर बोट ठेवून मागे मागे गेला. चतुर्थी, पंचमी, षष्ठी. या दिवशी पाणी इतक्याला परतलं, त्या दिवशी हिला इतका उशीर, आणि हा दिवस नको, त्या दिवशी हिला ताप होता, ही आलीच नव्हती. सहा महिने त्याला तोंडपाठ होते. शाळेतल्या त्या लांबुडक्या रजिस्टरापेक्षा ही हजेरी चोख होती, आणि ती एका माणसाच्या डोक्यात, फुकट, चिखलाच्या काठावर बसलेली होती. कुंदाने कागद फाडले, त्याने वाकड्या अक्षरात तारखा आणि नाव घातलं. शेवटी शिक्का. मी पुढं हात केला तर त्याने दिला नाही.

"मीच मारतो. गाव माजा, होडी माजी. मी मारला का तो खरा."

प्रत्येक कागदावर त्याने तो सावकाश दाबला. सगळं झाल्यावर कमरेचा जुना शिक्का सोडला, खाडीत भिरकावला, आणि माझा त्याच दोरीला बांधला. मला परत मिळणार नाही हे मला कळलं. मागायची हिंमतही नव्हती.

दुसऱ्या दिवशी कुंदा सरांच्या खोलीत गठ्ठा घेऊन गेली. मलाही सरांनी बोलावून घेतलं, तुलना करायला, म्हणजे खऱ्या शिक्क्याचा नमुना म्हणून. त्यांनी माझी एक चिठ्ठी डावीकडे ठेवली, तिची एकेक उजवीकडे, आणि भिंग काढलं. बाहेर शिपाई घंटेच्या दोरीशी उभा होता.

"हं," सर म्हणाले. "हा खरा."

त्यांनी लाल शाईतल्या गैरहजेऱ्या खोडल्या, प्रत्येक खोडीवर सही केली आणि त्यांचा चेहरा पडला. एक मुलगी हातातून निसटत होती. मग त्यांना सुचलं. चिठ्ठ्या खऱ्या, हजेरी पुरी, ठीक आहे. पण आधी जे बनावट शिक्के सादर झाले त्याचं काय? त्याबद्दल लेखी माफीनामा पाहिजे. त्यांनी कोरा कागद तिच्यापुढं सरकवला आणि मजकूर सांगायला लागले.

मी तोंड उघडलं. तिने कागदावरून नजर न काढता डावा हात किंचित वर केला, एवढाच, आणि मी तोंड मिटलं. सर सांगत गेले आणि ती लिहीत गेली. मी खोटा शिक्का वापरून शाळेची फसवणूक केली, मला पश्चात्ताप होत आहे, असं पुन्हा होणार नाही. तिचं अक्षर नेहमीसारखं होतं, सरळ, एकाही शब्दावर न थांबलेलं. खाली सही. सर म्हणाले, साक्षीदार हवा. आणि माझ्याकडे बघून म्हणाले की तुझ्याच गावची आहे, तुला सगळं माहीत आहे, तू कर.

कुंदाने पेन माझ्याकडे दिलं. मी सही केली. पूर्ण नाव, आडनाव, राहणार कोपरखार. या वयातही कुठे सही करायची वेळ आली की ते पेन हातात आल्यासारखं वाटतं, आणि मग सोनटक्के सरांवरचा सगळा तिटकारा पुरून उरून थोडा माझ्या वाट्याला येतो. तेव्हा मात्र एवढंच वाटलं की सुटलो.

कुंदाने कागद उचलला, शाई वाळायला फुंकर घातली आणि सरांपुढं ठेवला.

"सर, आता फॉर्म द्या," ती म्हणाली.

सरांनी कपाट उघडून फॉर्म दिला. ती खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून उभ्यानेच भरायला लागली. मी तिच्या मागे उभा राहिलो, काहीतरी म्हणावं म्हणून. घंटा झाली. सरांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू का थांबलास? तास सुरू झाला," ते म्हणाले. "उशीर होईल."

आणि मी धावत वर्गात गेलो.